आधी घड्याळ संपतं की माणसं: ‘रेसिडेंट ईव्हिल’ ४ आणि ५ मधला ‘मर्सिनरीज’

माझी मान सगळ्यांत जास्त वेळा कापली गेली ती टीव्हीचा आवाज बंद असताना. पोर शेजारच्या खोलीत झोपलेलं, हेडफोनचा एक कान गेलेला आणि हाताशी जेमतेम अर्धा तास. एवढ्या वेळात गोष्टीचा गेम लावून काही साधत नाही. एक दार उघडावं, भिंतीवरचा कागद वाचावा, कोड्याशी झटापट करावी, की वेळ संपलाच. म्हणून मी ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ या हॉरर व्हिडिओ गेममधला ‘मर्सिनरीज’ हा बोनस मोड लावते. त्या रात्री गावाची स्टेज होती. वीसेक जण पाडले होते, कॉम्बो छान जुळला होता, आणि मागून करवतवाली आली. ती करवत घरघरत येते, चांगली लांबून ऐकू येते, हे मला पाठ आहे. पण आवाज बंद होता. लिऑनचं, म्हणजे माझ्या पात्राचं, मुंडकं गेलं आणि त्याच्याबरोबर सगळी कमाईही.

दुसऱ्या रात्री ‘रेसिडेंट ईव्हिल ५’ मधला ‘मर्सिनरीज’ लावला. आवाज तसाच बंद. इथेही करवतवाला आहे, इथेही एका घावात खेळ खलास होतो. तरी मी शेवटपर्यंत सुखरूप पोचले. नंतर लक्षात आलं की माझे डोळे माणसांवर नव्हतेच. कॉम्बो किती झाला, किती सेकंद उरले, किती जण बाकी आहेत, या आकड्यांवर होते. एकाच नावाचे हे दोन मोड किती वेगळ्या जातीचे आहेत ते मला तेव्हा कळलं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: मुख्य गोष्ट एकदा पूर्ण केली की हा मोड उघडतो. गोष्ट नाही, कोडी नाहीत, दुकानदार नाही. एक पात्र निवडायचं, त्याची ठरलेली शस्त्रं घ्यायची, एका बंदिस्त जागेत उतरायचं आणि दोन मिनिटांच्या घड्याळावर जमतील तेवढे गुण मिळवायचे. एकामागून एक, मध्ये फार खंड न पाडता मारत गेलं की कॉम्बो वाढतो आणि गुण भराभर चढतात. कल्पना या दोन भागांच्याही आधीची. १९९९ च्या तिसऱ्या भागात कार्लोस, मिखाइल आणि निकोलाय या तिघांपैकी एकाला घेऊन ट्रामपासून गोदामापर्यंत पळायचं होतं, तेही दोनच मिनिटांत, आणि वाटेत मारामारी करून सेकंद मिळवायचे होते. चौथ्या भागाने, म्हणजे २००५ मध्ये, ती पळापळ थांबवली आणि खेळाडूला एका जागी कोंडलं. पाचव्याने २००९ मध्ये तीच कोंडी घेतली आणि तिला वहीखात्याची शिस्त लावली. (२०२३ ला नव्याने बनवलेल्या चौथ्या भागातही ‘मर्सिनरीज’ आहे, पण तो वेगळा प्रकार आहे. मी इथे जुन्याबद्दल लिहितेय.)

आता मुद्द्याचं. चौथ्या भागात वेळ मोजकी आहे आणि माणसं संपत नाहीत. पाचव्यात माणसं मोजकी आहेत, बरोबर १५०, आणि वेळ मात्र ताणता येते. माझ्या मते बाकीचे सगळे फरक या एका फरकातून निघतात.

चौथ्या भागात तुम्ही सुटका करणाऱ्या हेलिकॉप्टरची वाट बघत असता. घड्याळ शून्यावर आलं की ते येतं. वेळ वाढवणाऱ्या वस्तू जागोजागी ठेवलेल्या असतात, त्या उचलल्या की घड्याळ पुढे ढकललं जातं. म्हणजे जी वस्तू मी जिवावर उदार होऊन छपरावरून आणते, तिच्यामुळे माझं हेलिकॉप्टर आणखी उशिरा येतं! पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा मला हसू फुटलं. जगायचंय तर ती उचलू नये, गुण हवेत तर उचलावी. आणि जेवढ्या वस्तू तिथे आहेत तेवढ्याच. त्या संपल्या की तुम्ही काहीही करा, घड्याळ वाढत नाही. मारणाऱ्याला सेकंद बक्षीस मिळत नाहीत. गनाडो, म्हणजे इथले शत्रू, मात्र येतच राहतात. घरात शिरून शिडी लाथेने पाडावी, तर ते ती परत लावतात. खिडकीतून येतात, मागच्या दाराने येतात, स्पॅनिशमध्ये एकमेकांना ओरडून तुमचा ठावठिकाणा सांगतात. इथे कुणाला ‘संपवणं’ हा प्रकार नाही. निभावून नेणं एवढंच.

त्यामुळे शेवटची वीस सेकंद फार विचित्र जातात. गुण पुरेसे झालेले असतात, आता फक्त मरायचं नाही, आणि नेमके तेव्हाच पाय घाबरतात. या गेममध्ये बंदूक रोखली की हलता येत नाही. एकतर उभं राहून मारा, नाहीतर पळा. मुख्य गोष्टीत हा नियम पुढे सवयीचा होतो, पण ‘मर्सिनरीज’मध्ये प्रत्येक वेळी बंदूक रोखणं हा जुगार असतो, कारण पाठ उघडी पडते. आणि मेलात तर गुण गेले. अर्धेमुर्धे पदरात पडत नाहीत. म्हणून मी म्हणते की बोनस असला तरी यातली भीती खरी आहे. गोष्टीतली भीती दार उघडण्याआधीची असते, ही दार नसल्याची आहे.

स्टेज चारच: गाव, किल्ला, बेट आणि वॉटरवर्ल्ड. आज चार हा आकडा कमी वाटेल, पण प्रत्येकीत एक असा प्राणी आहे की त्याच्यामुळे नकाशा दुसऱ्यांदा शिकावा लागतो. गावात करवतवाल्या दोघी. किल्ल्यात गारादोर, डोळे शिवलेला, पंजाला लांब पाती लावलेला. तुम्ही त्याला दिसता म्हणून नव्हे, तुम्ही आवाज करता म्हणून तो तुम्हाला शोधतो. ज्या मोडमध्ये सतत गोळ्या झाडायच्याच आहेत त्यात असा शत्रू ठेवून देणं यात बनवणाऱ्यांचा खवटपणा आहे, आणि मला तो आवडतो. बेटावर मोठी गॅटलिंग गन घेतलेला जे.जे., त्याच्यासमोर उघड्यावर थांबायची सोय नाही. आणि वॉटरवर्ल्डमध्ये दोन पात्यांची करवत घेऊन धावणारा तो राक्षस. पाऊस पडतोय, लाकडी माच्यांची चढउतार आहे, आणि तो गोळ्यांना दाद देत नाही. मी त्याला अजूनही मारायला जात नाही. लांबून रामराम.

पात्रं पाच. सुरुवातीला फक्त लिऑन मिळतो. प्रत्येक स्टेजमध्ये चार तारे, म्हणजे ३०,००० गुण मिळवले की पुढचं पात्र उघडतं: गावातून एडा, किल्ल्यातून क्राउझर, बेटावरून हंक, वॉटरवर्ल्डमधून वेस्कर. पाच ताऱ्यांना ६०,००० लागतात. या पाचांत जो फरक आहे तसा मी बाकी कुठल्या बोनस मोडमध्ये पाहिलेला नाही. लिऑनकडे शॉटगन आहे, आणि डोक्यात किंवा गुडघ्यात गोळी बसून कुणी झोकांडला की जवळ जाऊन लाथ घालता येते. त्या लाथेत आजूबाजूचे चारपाच जण एकदम आडवे होतात. हंक तसाच जवळ जातो, पण मान मोडतो, एकाचीच. नक्की मरतो, पण एकच. त्याच्याकडे टीएमपी ही छोटी मशीनगन आणि हातबॉम्ब, बस्स. म्हणजे लिऑनने मी गर्दी जमवायला शिकले आणि हंकने गर्दी टाळायला. क्राउझरचा हात पात्यासारखा पसरतो तेव्हा तो कुणालाच बघत नाही, समोरचा जे.जे. असला तरी एका फटक्यात गेला. फक्त तो हात परत तयार व्हायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात क्राउझर धनुष्यबाण घेऊन उभा असलेला एक साधा माणूस असतो. वेस्कर सगळ्यांत सोपा. सोपा म्हणूनच शेवटी दिलाय.

पाच पात्रं, चार स्टेज, म्हणजे २० फेऱ्या. प्रत्येक फेरीत पाच तारे मिळाले की लिऑनला मुख्य गोष्टीसाठी हँडकॅनन ही बंदूक मिळते. म्हणजे ज्याला ती मिळते त्याला तिची गरज कधीच संपलेली असते. असो.

एक सवलत मात्र चौथा भाग देतो. बॅग उघडली की सगळं थांबतं. घड्याळ थांबतं, करवत थांबते. मी तेव्हा कंट्रोलर मांडीवर ठेवते, हात झटकते, पोराची चाहूल घेते, आणि मग ठरवते की बॉम्ब की औषधी. हा थोडा खोटा खेळ आहे हे मान्य. एवढ्या दडपणाच्या मोडमध्ये अशी पळवाट ठेवायला नको होती. पण ती काढली तर मी हा गेम रात्री साडेअकराला खेळू शकणार नाही.

पाचव्याने ती काढली. नऊ खणांची पिशवी, आणि ती उघडली तरी जग चालू. चार खण कंट्रोलरच्या चार दिशांना बांधलेले, म्हणून खेळायला बसण्याआधीच मनात मांडामांड करावी लागते: वर शॉटगन, उजवीकडे पिस्तूल, डावीकडे बॉम्ब. पहिल्या आठवड्यात औषधी शोधताना मी तीनदा मेले. मग बोटांना सवय लागली आणि मला हेच बरं वाटू लागलं.

या भागात आठ स्टेज आहेत. खाण, जहाजाचा डेक, तुरुंग, प्राचीन अवशेष वगैरे. सगळ्या सारख्या चांगल्या नाहीत. मी मुळात ‘पब्लिक असेंब्ली’तच रमते, तो चौक, मध्ये उभी असलेली मोडकी घरं, आणि अंगापेक्षा मोठी कुऱ्हाड ओढत येणारा एक्झिक्युशनर. बाकीच्या काही जागा नुसत्या जागा आहेत.

पण नियम बघा. इथेही वेळ वाढवणारी घड्याळं आहेत, ३०, ६० आणि ९० सेकंदांची. ती उचलायची नसतात, फोडायची असतात. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माजिनीला, म्हणजे इथल्या शत्रूला, हाताने, लाथेने, जवळून मारून संपवलं की पाच सेकंद मिळतात. हा नियम वाचायला किरकोळ वाटतो. खेळायला बसलं की त्याने सगळं उलटं होतं. चौथ्या भागात मी लांब राहायची धडपड करते, इथे मी अंगावर धावून जाते. गोळी मारण्यासाठी नसतेच, ती समोरच्याला झोकांडायला लावण्यासाठी. डोक्यात एक, तो डगमगला, धावत जाऊन ठोसा, खाली पडला तर वरून पाय, पाच सेकंद जमा. पुढचा. दहा सेकंदांच्या आत पुढचा, नाहीतर कॉम्बो तुटला. हे एकदा अंगात भिनलं की त्याला एक ठेका येतो, आणि त्या ठेक्यात भीतीला जागा उरत नाही. १५० जणांना एकाच कॉम्बोत गुंफायचं हे तिथलं अंतिम ध्येय. माजिनी ठरलेल्या जागांवरून, बऱ्यापैकी ठरलेल्या क्रमाने येतात. पन्नासेक फेऱ्या झाल्या की तुम्ही वाट बघत उभ्या असता आणि ‘हा उशीर का करतोय’ असं मनात येतं. हॉरर गेममध्ये राक्षसाची अशी वाट बघावी लागते!

तरीही आमच्या घरात पाचवाच जास्त चालतो, कारण तो दोघांत खेळता येतो. चौथा मुळात एकट्याचा. पाचव्यात जोडीने उतरलं की घड्याळ एक, कॉम्बो एक, आणि गोळ्या एकमेकींना देता येतात, फक्त जवळ यावं लागतं. माझी जोडीदार म्हणजे माझी धाकटी नणंद. ती वेस्कर घेते, मी जिल. वेस्कर इथे इतका वेगाने सरकतो की ती नकाशाच्या त्या टोकाला असते आणि तिथून ओरडते, “वहिनी, गोळ्या दे!” मी म्हणते, “अगं, आधी इकडे ये तरी.” आमची सगळी भांडणं पाच सेकंदांवरून होतात. मी एखाद्याला डगमगवते, धावत निघते, आणि ही लांबून त्याला गोळीने मारते. माणूस गेला, कॉम्बो वाढला, पण सेकंद बुडाले. “तो माझा होता,” हे वाक्य मी तिला कॉम्बो ११२ वर असताना इतक्या जोरात बोलले की पोर उठलं. त्यानंतर आम्ही नियम केला: ज्याने झोकांडवलं त्याचा ठोसा, दुसरीने पाठ सांभाळायची. खरं तर गेमला हेच हवं असतं. दोघी एकाच माजिनीपाशी असलो तर माझ्या ठोशानंतर तिला ठोसा मिळतो आणि मग परत मला शेवटचा, जोरदार. तो तिसरा ठोसा बसतो तेव्हा दोघी काही न बोलता पुढे निघतो.

मुख्य गोष्टीत शेवा, म्हणजे नायक क्रिसची जोडीदार, जेव्हा कॉम्प्युटरच्या हातात असते तेव्हा ती औषधं कधी कुणावर उधळेल सांगता येत नाही. त्या जाचानंतर खरा माणूस शेजारी असणं हे केवढं सुख आहे! एकट्याने खेळायचं ठरवलं तर पाचव्याच्या ‘मर्सिनरीज’मध्ये जोडीदार दिलेलाच नाही, तुम्ही खरंच एकटे. आणि एकटं खेळताना मला त्यातला कोरडेपणा टोचतो. आकडे तेच, ठेका तोच, पण भांडायला कुणी नाही.

कुरकुरी दोन. एक, कन्सोलवर स्प्लिट स्क्रीन लावली की दोन्ही खिडक्या एकीखाली एक, तिरकस सरकवलेल्या, आणि उरलेल्या कोपऱ्यांत नुसता काळा पट्टा. एवढा मोठा टीव्ही, आणि आम्ही दोघी दोन पाकिटांतून जग बघतोय. दुसरी पोशाखांची. पात्रं तीच, पण वेगळे कपडे आणि वेगळी शस्त्रं घालून परत दिलेली. क्रिसला सफारीचे कपडे आणि जुना ‘स्टार्स’ पथकाचा गणवेश. शेवाला ‘क्लबिन’ आणि ‘ट्रायबल’. आफ्रिकेत घडणारा गेम, मूळची तिथलीच ही बाई, प्रशिक्षित एजंट, आणि तिला बक्षीस म्हणून बिबट्याच्या ठिपक्यांच्या चिंध्या. मी एकदा नणंदेला म्हटलं, “हिला थंडी वाजत असेल.” ती म्हणाली, “वहिनी, हे कपडे ठरवणाऱ्याला वाजली पाहिजे.” शस्त्रांसाठी ते रूप घ्यावंसं वाटतं आणि मी घेत नाही.

२०१० मध्ये ‘मर्सिनरीज रियुनियन’ नावाची भर आली. स्टेज त्याच, माणसं नवी: बॅरी, रिबेका, एक्सेला, जॉश. जुन्या भागांतल्या बॅरीला भेटून मला आनंद झाला, पण दोनतीन दिवसांनी मी जिलकडेच परतले. २००९ च्या पीसी आवृत्तीत ‘नो मर्सी’ असाही एक प्रकार होता, शत्रूंची अफाट गर्दी असलेला. तो म्हणजे पाचव्याने चौथ्याची आठवण काढल्यासारखा वाटतो, माणसं संपणारच नाहीत असं वाटायला लावणारा.

घ्यायचं कुठलं, हे विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न असतो: शेजारी बसायला कुणी आहे का, आणि आवाज लावता येतो का? दोन्ही गेम २०१६ पासून पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनवर आहेत आणि दोन्हींत हा मोड सुरुवातीपासून बसवलेलाच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. मात्र आधी मुख्य गोष्ट पूर्ण करावी लागते हे विसरू नका. घाईत असलेल्यांना चौथा महागात पडतो, त्याची गोष्ट लांब आहे. पाचवा आटोपशीर. पाचव्यात सुरुवात ‘पब्लिक असेंब्ली’वरच करा आणि पहिल्या दहा फेऱ्या गुणांकडे बघू नका, फक्त कुठून कोण येतं ते बघा. चौथ्यात असा अभ्यास करून फार उपयोग नाही. तिथे फक्त पाठ भिंतीला लावायची भिंत शोधा, आणि तीही फार वेळ टिकणार नाही असं धरून चाला.

पाचव्याचा एकशे पन्नासचा कॉम्बो आम्ही एकदाच पूर्ण केलाय, आणि तोही तुटता तुटता वाचला. एकशे सत्तेचाळीस झाले होते आणि उरलेले तिघे दिसेनात. दोघी दोन दिशांना पळत होतो, सेकंद उतरत होते, आणि एक माजिनी निवांतपणे शिडी उतरत होता. नणंद त्याच्यावर ओरडली, “अरे, लवकर ये की!” त्या रात्री आम्ही इतक्या हसलो की पुढची फेरी लावलीच नाही.

चौथ्यात माझ्या २० पैकी १९ फेऱ्या पाच ताऱ्यांच्या झाल्यात. उरलीय ती हंकची, वॉटरवर्ल्डमधली. ५४,००० पर्यंत जाते आणि मग पावसात त्या दुहेरी करवतीचा आवाज येतो, किंवा येत नाही. नवा हेडफोन मागवलाय.